डावी बाजू सांभाळ

अगं, परवा फोनवर तू सगळा वेळ पुरणाचाच घोर लावून बसली होतीस. पहिल्यांदाच गौरी घरी आणतेयस, धाकधूक होणारच. पण 25 माणसांच्या पुरणपोळ्या तुझ्या थोरल्या जाऊबाई हातावेगळ्या करतील, त्यांचा हात बसलाय. सोळा भाज्याही एकत्र शिजवायच्या, त्यात फारसं कौशल्य नाही. तू पानाची डावी बाजू घे. चटणी, कोशिंबीर, पंचामृत, भरीत. चमचाभरच वाढतात, पण त्यांच्याच जोरावर माणूस दुसरी पोळी घेतो.

माझ्या पहिल्या गौरीची फजिती सांगते, तुझ्याजवळच ठेव. सकाळी 8 वाजताच मी 10 काकड्या कोचवल्या, मीठ-साखर घालून झाकून ठेवल्या आणि मनात स्वतःची पाठ थोपटली. नैवेद्य व्हायला दीड वाजला. केळीच्या पानाला काठ नसतो गं! कोशिंबिरीला सुटलेलं पाणी उतार धरून थेट पुरणपोळीखाली. सासरे काही बोलले नाहीत. पोळीची कड उचलून खाली बघितलं फक्त.

तेव्हा काकडी कोचव, पिळून ठेव, पिळलेलं पाणी कढीत जाऊ दे. दाण्याचं कूट, ओलं खोबरं, मिरची, साखर ताटलीत वेगळं काढ. मीठ, लिंबू आणि तुपातली जिऱ्याची फोडणी मात्र ‘पानं घ्या’ अशी हाक आल्यावरच.

पंचामृताचं अगदी उलट. (पूजेतलं दूध-दह्याचं नव्हे, चिंचगुळाचं.) पूजन ज्येष्ठा नक्षत्रावर, तेव्हा आदल्या दिवशी आवाहन झालं की रात्रीच करून टाक, मुरलं की छान लागतं. हिंग-मेथीच्या फोडणीत मिरच्यांचे तुकडे, भिजवलेले दाणे, खोबऱ्याचे काप परत, मग चिंचेचा कोळ आणि जवळजवळ तेवढाच गूळ. शेवटी भाजलेल्या तिळाचं कूट. थोडं पातळ असतानाच गॅस बंद कर, गार झाल्यावर आपोआप आळतं. मी एकदा आटवत बसले होते, सकाळी चमचा उभा राहिला त्यात.

आता तू सगळ्यांना फोन करून कृत्या गोळा करशील. कमलाबाई ओगल्यांनी 1970 मध्ये ‘रुचिरा’त वाटी-चमच्याची मापं दिली, तरी आपल्या बायकांचं अजून ‘अंदाजानं घाल’च चालू आहे! पण त्या काही लपवत नाहीत. हाताला माहीत असतं ते तोंडाला सांगता येत नाही, इतकंच.

आत्यांचं लाल भोपळ्याचं भरीत आठवतंय ना? मी कृती विचारून तीनदा केलं. उकडलेला भोपळा, दही, मिरची, मीठ, चवीला साखर, मोहरी, सगळं घातलं. तीनदा मिळमिळीत. शेवटी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्यांनी मोहरीची पूड वाटीत घेतली, थेंबथेंब गार पाणी घालत बोटांनी फेसायला लागल्या. फेसता फेसता वाटी नाकाजवळ नेत होत्या. झणका डोळ्यांपर्यंत गेला तेव्हा थांबल्या, आणि भोपळा पूर्ण गार झाल्यावर ती मोहरी त्यात कालवली. गरम पाण्यानं तो झणका उठतच नाही म्हणे. आणि मी आपली ‘मोहरी घाल’ ऐकून तीनही वेळा फोडणीत तडतडवत होते! म्हणून सांगते, किती घालायचं ते नको विचारूस. कधी आणि कसं, ते विचार. जमलं तर जाऊन बघ.

पदार्थ वाटून दे, पण कुणी काय आणायचं ते तूच ठरव, नाहीतर पानावर चार दह्याचे पदार्थ आणि चटणी एकही नाही. कांदा-लसूण नको हे धाकट्या जावेला आधीच सांग, ऐनवेळी तिला तोंडघशी पाडू नकोस. तुझ्या वऱ्हाडातल्या चुलत सासूबाई त्यांच्या महालक्ष्म्यांची आंबील करतील, ती पातळ. द्रोण 30 तरी सांगून ठेव.

आणि माझं एक काम कर. तुझ्या सासूबाईंचं दह्यातलं मेतकूट मला अजून साधलेलं नाही. गेल्या वर्षी विचारलं तर म्हणाल्या, “अहो, काही नाही, नुसतं दही आणि मेतकूट.” त्या करायला बसल्या की जवळ जाऊन बस, आणि मला कळव.