गुरे नेणाऱ्या वाघिणींची रचना

मार्गशीर्षात जत येथे यल्लमादेवीची यात्रा भरते, तेव्हा खिलार जनावरांची मोठी खरेदी-विक्री होते. विकत घेतलेला बैल आता मालमोटारीतून गावी जातो. परंतु मुक्या जनावरास इजा न होता दूरवर कसे न्यावे, हा प्रश्न त्यापूर्वीच रेल्वेस सोडवावा लागला होता. त्यातून सिद्ध झालेली डब्यांची रचना आजही अभ्यासण्याजोगी आहे.

बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली व १९२७ साली मिरजेस पोहोचली. जत रोड हे स्थानक याच मार्गावर आहे. त्या वेळी रुळांतील अंतर अवघे २ फूट ६ इंच असे. पुढे हा मार्ग रुंदमापी झाला. मालडब्यास आपल्याकडे वाघीण म्हणतात. तेव्हा बैलाने तीत पाय ठेवण्यास कां-कूं केले तर त्यास दोष देता येत नाही! अरुंदमापी साध्या वाघिणीत मोठी जनावरे चार, मीटरमापीत सहा व रुंदमापीत दहा, याहून अधिक भरू नयेत, अशी मर्यादा प्राणी वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांनी घातली.

या नियमांतील मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. जनावरे रुळांना समांतर व एकमेकांकडे तोंड करून उभी करावयाची. प्रत्येक बाजूस छातीपुढे दोन आडवे दांडे, एक ६० ते ८० सेंटिमीटर व दुसरा १०० ते ११० सेंटिमीटर उंचीवर. त्यामुळे दाराजवळची मधली जागा मोकळी राहते आणि सोबतच्या माणसास दोन्हीकडे वैरण घालता येते. तळाशी निदान ६ सेंटिमीटर जाडीचे गवत पसरावयाचे, एका बाजूचे वरचे दार हवेसाठी उघडे बांधून ठेवावयाचे, आणि इंजिनातील ठिणग्या आत येऊ नयेत म्हणून बारीक जाळी बसवावयाची. गुरांची वाघीण गाडीच्या मध्यभागी जोडावी, असेही सांगितले आहे.

अमेरिकेतील गुरांच्या डब्यांच्या बाजू फटी ठेवून ठोकलेल्या पट्ट्यांच्या असत. मेंढरांसाठी डब्यात दुसरा मजला घालीत. तेथे १८७३ साली कायदाच झाला की, २८ तासांपलीकडे जनावर डब्यात कोंडू नये. त्यास उतरवून चारा, पाणी व पाच तास विसावा द्यावा. इंग्लंडात मात्र एक चूक घडली. रोग पसरू नये म्हणून डबे चुन्याने धूत, आणि त्या चुन्याने जनावरांचे पाय पोळत. पुढे ती पद्धत सोडून द्यावी लागली.

मालमोटारीसही हीच तत्त्वे लागू पडतात. गुळगुळीत पत्र्यावर बैल घसरतो. म्हणून काथ्याची चटई किंवा फळ्या टाकाव्या, वर गवत पसरावे. तोंड शक्यतो इंजिनाकडे असावे. खिलारांची शिंगे लांब. शेजारच्या जनावराचा डोळा जाण्याचे भय असते, म्हणून मध्ये आडोसा हवाच. गुरांबरोबर पोती वा इतर माल भरू नये.

मेंढरांचे संकट निराळे. गाडीचा ब्रेक लागताच कळप एका टोकास लोटतो व खालची मेंढरे गुदमरतात. यासाठी मोठ्या गाडीत दर दोन-तीन मीटरवर आडवे कठडे घालावे. माडग्याळी मेंढी उंच व वजनदार असते. इतर मेंढ्यांच्या हिशेबाने ती भरू नये, संख्या कमीच धरावी. मेंढे व मेंढ्या एका खणात ठेवू नयेत.

ग्रामसेवकांनी यात्रेपूर्वी गावातील गाडीवाल्यांस भेटून गाडीचा तळ, कठडे व चढण्याची फळी स्वतः पाहावी. फळीला आडव्या पट्ट्या नसतील तर त्या तेथेच ठोकून घ्याव्यात.