पूर्णांकन आणि कोष्टकशोध : गणकपत्रकातील दोन सूत्रे



पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही कोष्टके ज्या पिढ्यांनी मुखोद्गत केली, त्यांना सिद्ध उत्तर शोधून घेणे हा प्रकार अपरिचित नव्हता. व्यापाऱ्याच्या गादीवरील ‘रेडी रेकनर’ हेही त्याच जातीचे साधन होय. १९७९ साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँक्स्टन यांचे ‘व्हिजिकॅल्क’ हे गणकपत्रक निघाले, त्यातही कोष्टकात शोध घेण्याचे सूत्र होतेच. आज आपण ज्यास सरसकट ‘एक्सेल’ म्हणतो, ते त्याच परंपरेतले. सूर्या नदीच्या परिसरातील मासवणसारख्या गावच्या शाळेतही निकालपत्रक आणि तांदळाचा हिशेब आता त्यावरच होऊ लागला आहे. मात्र सूत्र बरोबर लिहूनही उत्तर चुकते असे पुष्कळदा घडते. त्याची कारणे या लेखात पाहू. सूत्रांची नावे येथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. यंत्रावर टंकताना अक्षरे व अंक इंग्रजी घ्यावेत.

प्रथम श्रेणीचा विचार करू. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या २०१० च्या शासन निर्णयात नऊ श्रेणी दिलेल्या आहेत. ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, याप्रमाणे उतरत ३३ ते ४० ड, २१ ते ३२ इ-१ आणि २० व त्याखाली इ-२. हे सर्व आकडे पूर्णांक आहेत, हे ध्यानी घ्यावे. ८० आणि ८१ यांच्या मधल्या गुणांना या कोष्टकात जागाच नाही.

समजा, एका मुलीला सात विषयांत मिळून ७०० पैकी ५६४ गुण मिळाले. शेकडा प्रमाण ८०.५७ आले. आपण घराचे रूप बदलून दशांश स्थळे काढून टाकली की तेथे ८१ दिसते. परंतु घराच्या पोटात ८०.५७ च राहते. श्रेणी शोधणारे सूत्र पोटातील संख्या पाहते आणि ब-१ देते. प्रगतिपुस्तकावर मग ‘८१, ब-१’ असे परस्परविरोधी दोन शब्द छापले जातात, आणि पालक विचारावयास आला म्हणजे गुरुजींस उत्तर सुचत नाही. वरच्या टोकाला ही केवळ शोभेची बाब वाटेल. ७०० पैकी २२८ गुण मिळविणाऱ्या मुलाचे मात्र तसे नाही. त्याचे प्रमाण ३२.५७, पूर्णांकन केले तर ड, न केले तर इ-१. पूरक मार्गदर्शनाच्या यादीत त्याचे नाव येते की नाही, हे या अर्ध्या गुणावर ठरते.

म्हणून दिसणे आणि असणे एक करावे. प्रमाण एच स्तंभात असेल तर =राउंड(एच२,०) हे सूत्र खरोखरीची पूर्ण संख्या देते; अर्धा किंवा अधिक अपूर्णांक असल्यास वर, कमी असल्यास खाली. पूर्णांकन एकदाच व शेवटी करावे. ८०.४६ चे आधी ८०.५ आणि मग ८१ करणे हा उघड अन्याय आहे, कारण सरळ पूर्णांकनाने ते ८० च होतात. पूर्णांकन करावयाचे हा निर्णयही परीक्षेपूर्वी व्हावा आणि सर्व मुलांना सारखाच लागू असावा. यंत्र निर्णय घेत नाही.

आता कोष्टक. एम व एन स्तंभांत खालच्या मर्यादा चढत्या क्रमाने मांडाव्यात : ० इ-२, २१ इ-१, ३३ ड, ४१ क-२, ५१ क-१, ६१ ब-२, ७१ ब-१, ८१ अ-२, ९१ अ-१. नंतर =व्हीलुकअप(राउंड(एच२,०),$एम$१:$एन$९,२,१) असे लिहावे. यातील २ म्हणजे कोष्टकाचा दुसरा स्तंभ. डॉलरची चिन्हे गाळल्यास सूत्र खाली ओढताना कोष्टकही खाली सरकते आणि शेवटच्या मुलांच्या श्रेणी बिघडतात. शेवटचा १ म्हणजे ‘नेमकी संख्या नसल्यास तिच्या खालची जवळची घे’. यासाठीच चढता क्रम आवश्यक आहे.

तांदळाच्या हिशेबात पूर्णांकन निराळ्या रीतीने छळते. इयत्ता पहिली ते पाचवीसाठी प्रत्येक मुलास रोज १०० ग्रॅम. पाच दिवसांची उपस्थिती ४३, ४४, ४१, ४३, ४२ असेल तर शिजलेला तांदूळ २१.३ किलो. रोजचा आकडा पूर्ण किलोत बसविला तर नोंद होते २० किलो. वहीत १.३ किलो तांदूळ अधिक शिल्लक दिसतो, कोठीत तो नसतो. याच गतीने वीस दिवसांत तफावत पाच किलोंवर जाते आणि संशय येतो तो मुख्याध्यापकांवर व स्वयंपाक करणाऱ्या बाईंवर, ज्यांनी एक मूठही इकडची तिकडे केलेली नसते. रोजची नोंद ग्रॅमपर्यंत ठेवावी.

मागणीपत्रकात मात्र साधे राउंड घातक ठरते. ४८ मुले, २४ दिवस, शिल्लक शून्य धरली तर ११५.२ किलो तांदूळ लागेल. ५० किलोच्या गोणीच्या हिशेबाने २.३०४ गोण्या. राउंड म्हणते २. म्हणजे १५.२ किलो कमी, आणि महिन्याचे शेवटचे तीन दिवस चूल थंड. येथे =राउंडअप वापरावे; ते ३ सांगते.

विद्यार्थ्याची माहिती शोधताना व्हीलुकअपच्या शेवटी ० लिहावा. तो गाळल्यास यंत्र १ धरते आणि नेमका क्रमांक न सापडताच शेजारच्या मुलाची जन्मतारीख निर्विकारपणे आणून ठेवते. ० लिहिल्यास न सापडलेल्या ठिकाणी ‘एन/ए’ अशी खूण उमटते. ती पुसू नये, दुसऱ्या सूत्राने झाकूही नये. दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, मुले मध्येच दुसऱ्या शाळेत बसतात. अशा मुलाचे नाव एका यादीत आहे व दुसरीत नाही, हे ती खूणच प्रथम सांगते. शोध नावावरून घेऊ नये, एकाच वर्गात एकाच नावाची दोन मुले असतात.

क्रमांकावरून शोधतानाही एक दक्षता हवी. ‘सरल’ प्रणालीतील विद्यार्थी क्रमांक एकोणीस अंकी आहे, आणि गणकपत्रक संख्येचे पंधराच अंक राखते. पुढील अंकांचे शून्य करते. परिणामी एका शाळेतील निरनिराळ्या मुलांचे क्रमांक एकच होऊन बसतात. क्रमांक भरण्यापूर्वी तो स्तंभ ‘टेक्स्ट’ या रूपात ठेवावा. आधीच भरलेल्या क्रमांकाचे रूप मागाहून बदलल्याने गेलेले अंक परत येत नाहीत. ते जनरल रजिस्टरवरून पुन्हा लिहावे लागतात.