पहिलीच्या तुकड्या कशा पाडतात?

प्रश्न : पहिलीत ‘अ’ तुकडी हुशार मुलांची असते का? तुकड्या कशावरून ठरतात?

उत्तर : पहिलीच्या तुकड्या हुशारीवरून पाडणे योग्य नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घेता येत नाही. त्यामुळे ‘अ’, ‘ब’, ‘क’ ही केवळ ओळखीची अक्षरे असावीत.

तुकड्या पाडताना पटसंख्या, मुलामुलींचे प्रमाण आणि वय यांचा समतोल साधणे हिताचे असते. काही शाळा हजेरीपटाच्या क्रमाने किंवा चिठ्ठ्या टाकून वाटणी करतात. एकाच वर्गातील मुलांच्या वयात जवळपास वर्षाचे अंतर असू शकते. सहाव्या वर्षी ते मोठे ठरते आणि वयाने लहान मूल उगाचच ‘कच्चे’ वाटते. लवकर लागलेला असा शिक्का मुलाच्या आत्मविश्वासाला मारक ठरतो.

शिक्षण हक्क कायद्याखालील पंचवीस टक्के राखीव जागांवरील मुलांची वेगळी तुकडी करण्यास नियमांनुसार मनाई आहे. कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळांत तुकड्यांचा प्रश्नच येत नाही. तेथे अनेकदा एकच शिक्षक अनेक इयत्ता एकत्र शिकवतात.

तुकडीबाबत शंका असल्यास पालकांनी मुख्याध्यापकांकडे वाटणीचा निकष विचारावा.