शेपटाखालचा आकडा

अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहिले म्हणजे समोर कुलाब्याचा जलदुर्ग दिसतो. ओहोटी लागली की माणसे पायी चालत किल्ल्यात जातात आणि भरती येण्यापूर्वी परत फिरतात. सरखेल कान्होजी आंग्रे यांची समाधी याच गावात आहे, आणि मुंबईतील नौदलाच्या एका ठाण्याला त्यांचेच नाव दिलेले आहे. या किनाऱ्यावरील मुलांना दर्या परका नाही. कोणाचे वडील मासेमारीस जातात, कोणाचे काका जहाजावर नोकरीस असतात, तर कोणाचे आजोबा नौदलातून निवृत्त होऊन गावी आलेले असतात.

या किनाऱ्यावरील एका शाळेत मी मुख्याध्यापक होतो. तेव्हा माझ्या सातवीच्या वर्गात असाच एक मुलगा होता. त्याच्या आजोबांनी 'विक्रांत' या विमानवाहू युद्धनौकेवर नोकरी केली होती. पुढे काचबिंदूमुळे त्यांची दृष्टी गेली. संध्याकाळी ते ओटीवर बसत आणि नातवास विक्रांतच्या गोष्टी सांगत. त्या ऐकून ऐकून मुलाच्या मनाने घेतले, की विक्रांतवरून उडणाऱ्या 'सी हॉक' विमानाची हुबेहूब प्रतिकृती करावयाची आणि ती शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मांडावयाची.

विक्रांत ही आपल्या देशाची पहिली विमानवाहू नौका. ती ४ मार्च १९६१ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली. तिच्यावरील सी हॉक हे एका वैमानिकाचे जेट विमान होते. बांगलादेशाच्या युद्धात, ४ डिसेंबर १९७१ रोजी, विक्रांतवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार येथील विमानतळावर हल्ला केला. पुढे १९८३ च्या सुमारास सी हॉकची जागा 'सी हॅरियर' या विमानांनी घेतली. विक्रांत १९९७ साली सेवेतून निवृत्त झाली. काही वर्षे ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. परंतु २०१४ साली ती मोडीत काढण्यात आली. तिच्याच नावाची नवी नौका २०२२ साली नौदलात आली. जुनी विक्रांत मात्र आता डोळ्यांनी पाहता येत नाही. सी हॉक विमान पाहावयाचे असेल, तर गोव्यातील नौदलाच्या विमान-संग्रहालयात ते ठेवलेले आहे.

प्रतिकृती म्हणजे केवळ खेळणे नव्हे. खेळण्यात विमानासारखे काहीतरी दिसले म्हणजे पुरे. प्रतिकृतीत प्रत्येक भाग एकाच प्रमाणात लहान व्हावा लागतो. आमच्या विद्यार्थ्याने निवडलेले प्रमाण १:७२ होते. हे प्रमाण ऐकताना विचित्र वाटते. परंतु त्याचा हिशेब अगदी सोपा आहे. सहा फुटांचे बहात्तर इंच होतात. म्हणून सहा फूट उंचीचा माणूस या प्रमाणात बरोबर एक इंच उंच होतो. खऱ्या सी हॉकची लांबी सुमारे १२.०९ मीटर, तिला ७२ ने भागले म्हणजे प्रतिकृतीची लांबी सुमारे १६.८ सेंटिमीटर येते. तळहातावर मावेल एवढे ते विमान! परंतु याच प्रमाणात विक्रांत करावयाची म्हटली, तर ती जवळजवळ तीन मीटर लांब होईल आणि वर्गातल्या दोन बाकांवरही मावणार नाही.

या प्रमाणाचा उपयोग एकदा मोठ्या कामासाठी झाला होता. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे विमान कोणते आणि आपले कोणते, हे दुरून ओळखण्यास सैनिकांना शिकवावे लागे. त्यासाठी अमेरिकेच्या नौदलाने १९४२ साली शाळांतील मुलांकडून पाच लाख लाकडी विमाने मागविली. ती सर्व १:७२ या प्रमाणाची होती. असे विमान पस्तीस फुटांवरून पाहिले, की खरे विमान सुमारे अर्ध्या मैलावरून जसे दिसेल तसे ते दिसते. पस्तीसला बहात्तरने गुणून पाहा, म्हणजे याची खात्री पटेल.

आमच्या विद्यार्थ्याने प्लास्टिकचा एक संच मिळविला. अशा संचात विमानाचे भाग एका चौकटीला चिकटलेले असतात. ते कापावयाचे, कडा घासावयाच्या आणि नकाशाप्रमाणे जोडावयाचे. परंतु संचातील वैमानिकाचे आसन पाहून त्याचे समाधान होईना. ते नुसते खुर्चीच्या आकाराचे होते. त्यावर पट्टे नव्हते, गादी नव्हती. असे का असावे?

त्याचे कारण साच्यात आहे. प्लास्टिकचे भाग पोलादी साच्यात होतात. हा साचा दोन अर्ध्या भागांचा असतो आणि तो सरळ उघडतो. त्यामुळे ज्या भागाला आत वळलेली खोबण आहे, तो त्यातून मोकळा होत नाही. तेथे आकार सोपाच ठेवावा लागतो. शिवाय प्लास्टिक फार पातळ ओतता येत नाही. एक मिलिमीटर जाडीचे प्लास्टिक म्हणजे खऱ्या विमानात बहात्तर मिलिमीटर जाडीचा पत्रा! उलट, वैमानिकाचा पाच सेंटिमीटर रुंदीचा पट्टा या प्रमाणात मिलिमीटरच्या पाऊण भागाहूनही अरुंद होतो. तो प्लास्टिकमध्ये कसा व्हावा?

ही उणीव भरून काढण्यासाठी काही कारागीर निराळे सुटे भाग तयार करून विकतात. संच करणारा एक, आणि हे भाग करणारा दुसराच. त्यांत दोन प्रकार मुख्य आहेत. पहिला रेझिनचा. कारागीर प्रथम मूळ नमुना घडवितो, त्याच्याभोवती रबराचा साचा करतो आणि त्यात पातळ रेझिन ओततो. रबर वाकते, म्हणून खोल खोबणीचा भागही न मोडता बाहेर येतो. दुसरा प्रकार पितळेचा. पितळेच्या अतिशय पातळ पत्र्यावर प्रकाशाने बदलणारा लेप देतात. त्यावर आकृतीची फिल्म ठेवून प्रकाश पाडतात. मग नको असलेल्या जागेचा लेप धुऊन टाकतात आणि पत्रा फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ठेवतात. उघडे पडलेले पितळ विरघळते, लेपाखालचे टिकते. अशा रीतीने केसासारखे बारीक पट्टे आणि बकले तयार होतात.

मुलाने खाऊचे पैसे साठवून रेझिनचे आसन आणि पितळेचे पट्टे मागविले. रेझिन घासताना तो ते पाण्यात भिजवून घाशी आणि नाकातोंडावर मुखपट्टी बांधी. कारण त्याची कोरडी धूळ छातीत जाणे वाईट. पट्टे चिमट्याने उचलताना तो श्वास रोखून धरी. एक पट्टा तर उडून ओटीच्या फटीत गेला आणि पुन्हा सापडला नाही.

पुढे आणखी एक अडचण आली. सी हॉकला पुढे एक चाक असते आणि दोन चाके पंखांखाली. प्रतिकृती जोडून ठेवली की ती मागे कलून शेपटावर बसे. आजोबा म्हणाले, "अरे, नाकात वजन नको का घालायला? पागाच्या जाळ्याला शिसे लावतात ना, ते आण." मुलाने जाळ्याच्या शिशाचे चार तुकडे नाकात बसविले आणि विमान तीन चाकांवर नीट उभे राहिले. शिशाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावयाचे, हेही आजोबांनीच त्यास बजावले.

प्रदर्शनाच्या चार दिवस आधी विमान तयार झाले. वरचा रंग गडद करडा आणि खालचा फिकट. बाजूला केशरी, पांढऱ्या व हिरव्या वर्तुळांची खूण. मुलाने एका कार्डावर सुवाच्य अक्षरांत लिहिले : 'सी हॉक. संपूर्ण व अचूक प्रतिकृती.' नंतर त्याने ते विमान आजोबांच्या हातात दिले. त्या दिवशी मीही सहज त्यांच्या घरी गेलो होतो.

आजोबांनी विमान ओंजळीत धरले. त्यांची बोटे नाकावरून हळूहळू मागे सरकू लागली. पंखांच्या मुळाशी ती थांबली. "धूर बाहेर पडण्याची तोंडे दोन्ही बाजूंना केलीस. शाबास! पुष्कळांना वाटते, ती शेपटात असतात." मग बोटे विमानाच्या पोटाखालून शेपटाकडे गेली. तेथे ती पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली.

"बाळा, याचा हूक कुठे आहे?"

मुलगा गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "कापताना तो तुटला आणि हरवला, आजोबा. पण तो खालच्या बाजूला असतो. कोणाला दिसणार आहे?"

"दिसायचा नसेल," आजोबा म्हणाले, "पण मग विमान परत कसे यायचे?"

नंतर त्यांनी जे सांगितले, ते मी आजही विसरलो नाही. जमिनीवरील विमानाला थांबण्यासाठी लांबलचक धावपट्टी असते. नौकेवर तेवढी जागा कोठून आणावयाची? म्हणून डेकवर पोलादी तारा आडव्या ताणलेल्या असतात. उतरणारे विमान शेपटाखालचा आकडा खाली सोडते. तो एखाद्या तारेत अडकतो, तार विमानाचा वेग ओढून घेते आणि विमान थोड्याच अंतरात थांबते. आकडा तारेत अडकला नाही, तर विमानास तसेच पुढे जाऊन पुन्हा आकाशात चढावे लागते.

"विमान थांबले की धावत जाऊन ती तार हुकातून मोकळी करायची, हेच माझे काम होते," आजोबा म्हणाले. "वैमानिकाचे आसन मी कधी नीट पाहिले नाही. मी पाहिला तो हूक. तो तारेत अडकला, की आमचा माणूस घरी आला असे आम्ही समजत असू."

मुलाच्या डोळ्यांत पाणी आले. ज्या भागाशी आजोबांचे सारे आयुष्य बांधलेले होते, नेमका तोच भाग त्याने कोणाला दिसत नाही म्हणून सोडून दिला होता. तो मजकडे वळून म्हणाला, "सर, आता मागविला तर चार दिवसांत येणार नाही."

मी म्हणालो, "मग तू स्वतः कर. माप मात्र अंदाजाने घेऊ नकोस."

माप घेण्याची रीत अशी. विमानाचे अगदी बाजूने घेतलेले छायाचित्र शोधावे. समजा, त्यात विमान २४ सेंटिमीटर लांब आहे आणि एखादा भाग २ सेंटिमीटर आहे; म्हणजे तो भाग विमानाच्या लांबीचा बारावा हिस्सा झाला. प्रतिकृतीची लांबी १६.८ सेंटिमीटर, तिचा बारावा हिस्सा १.४ सेंटिमीटर. तोच त्या भागाचा आकार. या रीतीने त्याने आकड्याचे माप काढले. तांब्याची बारीक तार वाकवून त्याने पहिला आकडा केला. तो जाड दिसला. दुसरा वाकडा झाला. तिसरा मात्र साधला. आजोबांनी त्यावरून बोट फिरविले आणि ते एवढेच म्हणाले, "आता उतरेल."

प्रदर्शनात पुष्कळ लोकांनी ते विमान पाहिले. पट्ट्यांचे सर्वांनी कौतुक केले. विमान उलटून कोणीही पाहिले नाही, आणि मुलानेही ते कोणास उलटून दाखविले नाही. परंतु त्याने कार्ड मात्र बदलले होते. नव्या कार्डावर लिहिले होते : 'सी हॉक. प्रमाण १:७२. आसन व पट्टे विकत घेतलेले. एक पट्टा हरवला आहे. आकडा हाताने केलेला.'

मुलांनो, विकतचे सुटे भाग वापरण्यात कमीपणा नाही. चांगल्या कारागिराचे काम आदराने घ्यावे. परंतु कोणता भाग महत्त्वाचा, हे दुकानातील किंमत सांगत नाही. ज्यांनी ती वस्तू वापरली, त्या माणसांना ते विचारावे लागते.

शब्दार्थ

प्रतिकृती : मूळ वस्तूसारखी केलेली दुसरी वस्तू. सरखेल : आरमाराचा प्रमुख. हुबेहूब : अगदी मूळ वस्तूसारखे. खोबण : आत खोलगट गेलेली जागा. पाग : हाताने फेकावयाचे मासे पकडण्याचे जाळे. ओटी : घराच्या पुढील भागातील बसण्याची जागा. सुवाच्य : सहज वाचता येईल असे.

स्वाध्याय

१. १:७२ या प्रमाणात सहा फूट उंचीचा माणूस किती उंच होईल? तुमची स्वतःची उंची याच प्रमाणात काढा.

२. कारणे द्या : (अ) संचातील आसन साध्या आकाराचे होते. (आ) प्रतिकृती शेपटावर बसत असे. (इ) नौकेवर उतरणाऱ्या विमानास आकडा लागतो.

३. 'आता उतरेल' या आजोबांच्या उद्गारातून त्यांच्या मनातील कोणता भाव प्रकट होतो?

४. मुलाने कार्डावरील मजकूर का बदलला असावा? दोन्ही कार्डांची तुलना करून पाच-सहा वाक्ये लिहा.

५. पुढील शब्दांचे विग्रह करून समास ओळखा : जलदुर्ग, नाकातोंड, महायुद्ध.

६. उपक्रम : तुमच्या गावातील होडी, बैलगाडी किंवा रहाट यांपैकी एका वस्तूची मापे घ्या. ती वस्तू वापरणाऱ्या वडीलधाऱ्या माणसास तिचा सर्वांत महत्त्वाचा भाग कोणता, हे विचारा आणि त्यांचे उत्तर वहीत लिहून ठेवा.