माळीकाम करता? मग टॅक्सचा हिशोब आधी समजून घ्या

या आठवड्याच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा: "दादा, झाडांचं काम म्हणजे शेतीच ना, मग टॅक्स कसला?"

इथेच गल्लत होते. स्वतःच्या नर्सरीत वाढवलेल्या रोपांचं उत्पन्न शेती उत्पन्नात धरतात. पण वाकोला-कालिन्यातल्या सोसायट्यांची बाग सांभाळणं किंवा रोपं विकत आणून विकणं हा धंदा आहे. तो इन्कम टॅक्समध्ये येतो.

आता आकडे बघू. हे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत.

१. सोसायटीने कापलेला टीडीएस
सोसायटी तुम्हाला कॉन्ट्रॅक्टर म्हणून वर्षाला १ लाखाच्या वर देत असेल, तर १ टक्का टीडीएस कापते. महिना १५,००० म्हणजे वर्षाचे १,८०,०००, कापले जातील १,८००. पण पॅन दिला नाही, तर कपात थेट २० टक्के, म्हणजे ३६,०००! दोन महिन्यांपेक्षा जास्त कमाई अडकली. म्हणून पहिल्या बिलावरच पॅन लिहा आणि तो आधारशी जोडलेला आहे का ते बघा.

२. खर्च वजा होतो का?
दोन रस्ते आहेत. पहिला, खत, कोकोपीट, कुंड्या, कात्री, मदतनिसाची मजुरी यांची बिलं ठेवून खरा नफा काढायचा. घरखर्च यात धरायचा नाही. दुसरा सोपा, कलम ४४एडी. यात बँक-यूपीआयने आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के आणि रोखीच्या किमान ८ टक्के नफा दाखवायचा. खर्च त्यातच धरलेला असतो, वेगळा वजा होत नाही.

समजा वर्षाची जमा ६ लाख: ४ लाख दोन सोसायट्यांकडून बँकेत, २ लाख रोख. किमान नफा २४,००० + १६,००० = ४०,०००.

३. मग ४०,००० च दाखवू का?
नाही! किमान म्हणजे किमान. हातात खरे साडेतीन लाख उरले असतील तर तेवढेच दाखवा, कायदाही तेच सांगतो. नवीन पद्धतीत ४ लाखांपर्यंत टॅक्स शून्य, आणि रिबेट धरून धंद्याच्या १२ लाख उत्पन्नापर्यंतही शून्य. म्हणजे खरं दाखवून खिशातून काही जात नाही. उलट उद्या टेम्पोसाठी कर्ज मागायला गेलात, की बँक रिटर्नच बघते. ४०,००० वाल्याला कोण कर्ज देणार?

४. रिटर्न का भरायचा?
वरच्या उदाहरणात सोसायट्यांनी ४,००० कापले. टॅक्स शून्य, म्हणजे हे पैसे तुमचेच. पण रिटर्न भरल्याशिवाय परत येत नाहीत. ४४एडी वाल्यांसाठी आयटीआर-४, म्हणजे 'सुगम'. आधी फॉर्म २६एएस उघडून सोसायटीने कापलेली रक्कम खरंच तुमच्या नावावर भरली आहे का ते तपासा.

५. जीएसटी
वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर नोंदणी लागते. जिवंत रोपांवर जीएसटी नाही, पण तुम्ही सेवाही देता, म्हणून रोपांची विक्रीसुद्धा या २० लाखांत मोजली जाते.

आजचं काम: एक वही घ्या. तारीख, कोणाकडून, किती, रोख की यूपीआय, एवढे चार रकाने आखा आणि रोज रात्री दोन मिनिटं लिहा. रिटर्नच्या वेळी सीएसमोर हीच वही ठेवायची.