‘बिटवीन यू अँड मी’च का?

प्रश्न : ‘बिटवीन यू अँड आय’ हे बरोबर आहे का? (एक वाचक, बावधन, ता. मुळशी)

उत्तर : प्रमाण लेखनात ‘बिटवीन यू अँड मी’ हेच ग्राह्य आहे, कारण इंग्रजीतील शब्दयोगी अव्यय, म्हणजे सर्वनामाआधी येऊन त्याचा वाक्याशी संबंध जोडणारा शब्द, सर्वनामाला कर्मरूप घ्यायला लावतो आणि ‘अँड’ने जोडलेले दुसरे सर्वनामही त्यातून सुटत नाही. ‘विथ आय’ सहसा कोणी म्हणत नाही. चूक होते ती सर्वनामांची जोडी आली की. मराठीभाषकाला येथे मातृभाषाच उत्तम आधार देते, कारण अव्यय लागण्यापूर्वी शब्दाचे जे रूप बदलते, ज्याला सामान्यरूप म्हणतात, ते ‘तुझ्या-माझ्यामध्ये’ म्हणताना दोन्ही सर्वनामे घेतात आणि ‘तू आणि माझ्यामध्ये’ कानाला लगेच खटकते.

अव्ययाचा गट सर्वनामाच्या मागून आला, तर मात्र हा आधार पुरत नाही. मराठीत ‘बावधनमधले आम्ही’ असे विशेषण आधी येते, तर इंग्रजीत ‘वुई इन बावधन’ असा क्रम असतो. तेथे ‘वुई’ की ‘अस’ हे ‘इन बावधन’ ठरवत नाही, सर्वनामाचे वाक्यातील स्थान ठरवते, म्हणून ‘फॉर’नंतर ‘अस इन बावधन’ असेच लिहावे.