घरातील इन्व्हर्टरला लिथियम बॅटरी जोडताना

चिपळूण तालुक्यातील सावर्डे परिसरात पावसाळा सुरू झाला की तारांवर झाड कोसळून वीज जाणे हे नित्याचेच होय. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर तर जिल्ह्याच्या उत्तर भागातील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. या गरजेपोटी घरोघरी इन्व्हर्टर आणि शिसे-आम्लाची बॅटरी आली. ती बॅटरी निकामी झाल्यावर तिच्या जागी लिथियम बॅटरी बसविण्याकडे आता कल दिसतो. बॅटरी उत्तम आहे यात शंका नाही. परंतु घरातील जुना चार्जर तिला मानवेल की नाही, हे खरेदीपूर्वीच पाहिले पाहिजे.

प्रथम हिशेब पाहू. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी कागदोपत्री १,८०० वॉट-तास ऊर्जा साठविते. पण ती वारंवार निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे हाती येतात ते सुमारे ९०० वॉट-तास. लिथियम लोह फॉस्फेटची १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी १,२८० वॉट-तासांची असून तिच्यातील ८० टक्के, म्हणजे १,०२४ वॉट-तास, निर्धास्तपणे वापरता येतात. इन्व्हर्टरमधील घट वजा जाता १० वॉटचे चार दिवे व ५० वॉटचा एक पंखा तिच्यावर सुमारे नऊ तास चालतील. तिच्यात पाणी घालावे लागत नाही, आणि एकटा माणूस ती सहज उचलू शकतो.

लिथियम बॅटऱ्यांच्या अनेक जाती आहेत. घरासाठी लोह फॉस्फेटचीच घ्यावी, कारण तापल्यावर ती इतर जातींपेक्षा उशिरा बिघडते. भंगारातील स्कूटरचे सेल जोडून केलेला स्वस्त संच घरात आणू नये.

आता मुख्य मुद्दा. या बॅटरीत चार सेल ओळीने जोडलेले असतात. प्रत्येकाची कमाल मर्यादा ३.६५ व्होल्ट, म्हणून चारांची मिळून १४.६. प्रत्यक्षात १४.२ ते १४.४ व्होल्टपर्यंत भरणे पुरेसे होते. शिसे-आम्लासाठी बनविलेले काही चार्जर मात्र अधूनमधून १५ व्होल्टहून अधिक दाब देतात. जुन्या बॅटरीला हा उपचार हितकारक असतो. लिथियमला तो घातक आहे. बॅटरीच्या आत बीएमएस नावाचे रक्षक यंत्र असते व ते अशा वेळी प्रवाह तोडते, हे खरे. पण राखणदार ठेवला म्हणून कोणी कुंपणाचे फाटक रात्रभर उघडे टाकीत नाही! इन्व्हर्टरवर लिथियमची सोय नसेल तर चार्जर बदलावा. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीस २० अँपिअरचा प्रवाह योग्य. पाच-सहा तासांत ती भरते. जुनी व नवी बॅटरी एकत्र जोडून चालविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

सौर पॅनेल असल्यास त्याच्या नियंत्रकावरही लिथियमचीच निवड करावी. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. सोडविताना आधी पॅनेल.

व्होल्टमीटरवर फार विसंबू नये. या बॅटरीचा दाब बराच काळ १३ व्होल्टच्या आसपास स्थिर राहतो आणि शेवटी एकाएकी कोसळतो.

६०० वॉटचा भार घेतला तर बॅटरीकडून सुमारे ६० अँपिअर प्रवाह ओढला जातो. म्हणून २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची आखूड केबल वापरावी व धन टोकाजवळच डीसीचा, सुमारे ८० अँपिअरचा फ्यूज बसवावा. बॅटरीचे बीएमएस १०० अँपिअरचे आहे ना, हेही विचारून घ्यावे. सैल स्क्रू तापतो. कोकणातील दमट हवेत टोके गंजतात. पावसाळ्याच्या आरंभी ती पुसून आवळावीत.

जांभ्याच्या ओल्या भिंतीला टेकवून, चुलीशेजारी किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर बॅटरी ठेवू नये. उन्हाळ्यात तेथील उष्णता सहज ४५ अंशांवर जाते आणि अशा तापमानात भरणे हानिकारक ठरते.

काढलेल्या शिसे-आम्ल बॅटरीतील आम्ल परसात अथवा विहिरीजवळ ओतू नये. बॅटरी न फोडता दुकानदारास परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.